शून्याचा धनी कोण? आईस हॉकीचं शूटआऊट आणि गोलरक्षकाचा हिशेब

स्कोअरबुक | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, आज मैदानावरून आलो तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्याकडे शाळकरी मुलींची हॉकी स्पर्धा होती आणि स्कोअर लिहायला मी बसलो होतो. उपांत्य सामना ०-० सुटला आणि शूटआऊटवर (एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकासमोर येऊन गोल मारायचा प्रयत्न करतो, त्यावर) गेला. हरलेल्या संघाची गोलरक्षक नववीतली मुलगी. पॅड तिच्या मापाचे नाहीत. डाव्या पॅडचा पट्टा तुटला होता, तो तिच्या आईने चादरीच्या काठाची पट्टी शिवून जोडून दिलाय. त्या पॅडवर तिने पेनल्टी कॉर्नरचे तीन फटके अडवले. एक तर गोलरेषेवर पूर्ण आडवी पडून, स्टिकच्या टोकाने बाहेर काढला. शूटआऊटमध्ये मात्र ३-२ ने हरली.

संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. 'सर्वोत्कृष्ट गोलरक्षक' ठरवताना 'सगळ्यात कमी गोल खाल्लेली' असा निकष लावला. या मुलीने चार सामन्यांत एकच गोल खाल्ला होता. संयोजकांनी त्यात शूटआऊटचे तीन मिळवून चार केले. विजेत्या संघाच्या गोलरक्षकाचे पाच सामन्यांत तीन होते, तिला ढाल मिळाली. त्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती चांगलीच खेळली. पण माझ्या वहीत उपांत्य सामन्याच्या पानावर हिच्या नावापुढे स्वच्छ शून्य आहे. त्या शून्याचे तीन कुठून झाले?

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे टोरांटोला पाच महिने होतो. तिथे आईस हॉकी बघायला शिकलो आणि आता इथेही पहाटे साडेपाचला उठून सामने लावतो. तिथल्या नोंदी फार नीटस असतात. तिथे ०-० नंतर शूटआऊट झालं तर हरणाऱ्या गोलरक्षकालाही शटआऊट मिळतो, म्हणजे 'एकही गोल न खाल्लेला सामना' अशी नोंद त्याच्या नावावर कायम राहते. हे नेमकं कसं चालतं ते जाणकारांनी सविस्तर सांगावं. पुढच्या वेळी संयोजकांसमोर मांडायला मला पक्का आधार हवाय.

मुक्ता_टोरांटो | रविवार, रात्री १०:२५

काका, तुम्ही अगदी बरोबर लक्षात ठेवलंय. थोडं मागून सांगते.

एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या आईस हॉकी लीगमध्ये, शूटआऊट आलं २००५-०६ च्या मोसमात. त्याआधीचा अख्खा २००४-०५ चा मोसम मालक-खेळाडू वादात वाया गेला होता आणि परतताना लीगने बरोबरी हा निकालच काढून टाकला. पहिलं शूटआऊट ५ ऑक्टोबर २००५ ला टोरांटोतच झालं. ओटावाने तिथल्या मेपल लीफ्स संघाला ३-२ हरवलं. इतिहासातला पहिला शूटआऊट गोल डॅनियल आल्फ्रेडसनचा.

आता रचना. साठ मिनिटांत बरोबरी झाली की पाच मिनिटं जादा वेळ, त्यात जो आधी गोल करेल तो जिंकला. २०१५-१६ पासून या जादा वेळेत गोलरक्षक सोडून दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात. तरीही सुटला नाही तर शूटआऊट. प्रत्येकी तीन प्रयत्न, मग एकास एक. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, शूटआऊट नाहीच. तिथे वीस-वीस मिनिटांचे डाव गोल होईपर्यंत चालतात, मग रात्रीचे दोन वाजोत.

नोंदींचा नियम असा: शूटआऊटमधला एकही गोल कुणाच्याही वैयक्तिक खात्यात जात नाही. मारणाऱ्याच्या गोलसंख्येत नाही, गोलरक्षकाच्या खाल्लेल्या गोलांत नाही, सेव्हच्या (अडवलेल्या फटक्यांच्या) टक्केवारीतही नाही. फक्त जिंकलेल्या संघाच्या धावफलकावर एक गोल चढतो. २-२ असताना कुणी शूटआऊटमध्ये दोन मारले, समोरच्याने एक, तरी अंतिम निकाल ३-२ एवढाच. बर्फावर पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) तीनदा जाळीत गेला, संघाला मिळाला एक, खेळाडूंना शून्य.

यंत्रमाग_अण्णा | रविवार, रात्री १०:५०

म्हणजे संघाचे गोल आणि त्याच संघाच्या सगळ्या खेळाडूंचे गोल, यांची बेरीज जुळणारच नाही की.

आमच्याकडे कारखान्यात दोन वह्या असतात. एका वहीत कामगाराच्या नावावर त्याने विणलेले नग, त्यावर त्याची मजुरी. दुसरी गोडाऊनची, त्यात लॉटमध्ये एकूण किती चादरी गेल्या ते. दोन वह्यांत एका नगाचा जरी फरक आला तरी मुनीम रात्री घरी जात नाही. तिथे लीगचा मुनीम काय करतो?

मुक्ता_टोरांटो | रविवार, रात्री ११:०५

अण्णा, तो फरक तिथे मान्य करूनच ठेवलाय. गुणतक्त्यात संघाच्या केलेल्या गोलांत शूटआऊट-विजयाचा तो एक गोल धरतात आणि हरलेल्याच्या खाल्लेल्या गोलांतही एक धरतात. त्यामुळे संघाने मोसमात आठ शूटआऊट जिंकली असतील तर संघाचे गोल खेळाडूंच्या बेरजेपेक्षा आठने जास्त दिसतात. नव्याने बघणाऱ्याला वाटतं बेरीज चुकली, पण चुकलेली नसते. तो गोल संघाच्या नावाचा, माणसाच्या नावाचा नाही.

होटगीरोडकर | सोमवार, सकाळी ७:१५

माफ करा, पण मला हे पटत नाही बे. धावफलकावर १-० लिहिलंय. हरलेल्या बाजूला एक गोल चढलाय. तरी त्यांचा गोलरक्षक म्हणणार 'मी शून्य दिलं'? रस्त्यावरच्या माणसाला कसं समजावणार? सामना हरलास तर हरलास, त्यात मेडल कशाचं?

स्कोअरबुक | सोमवार, सकाळी ७:४०

होटगीरोडकर, तुम्ही २००६ चा फुटबॉल विश्वचषक पाहिला असेल. स्वित्झर्लंडने अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. युक्रेनविरुद्ध ०-०, मग पेनल्टी शूटआऊटमध्ये ०-३, आणि बाहेर. त्यांचा गोलरक्षक त्सुबरब्युलर. आज वीस वर्षांनीही लोक म्हणतात की स्वित्झर्लंड एकही गोल न खाता बाहेर पडला. 'तीन खाऊन' असं कुणी म्हणत नाही. हे रस्त्यावरच्या माणसालाही कळतं.

आपल्या हॉकीतही बघा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १-१ होता, शूटआऊट ४-२. श्रीजेशने त्या सामन्यात किती गोल खाल्ले विचारलं तर उत्तर एकच येतं: एक.

आकडेमोड | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, पण हा विषय माझ्या आवडीचा आहे, सोडवत नाही.

शूटआऊट वेगळं का ठेवतात हे हिशेब करून पाहिलं की लगेच कळतं. समजा एका गोलरक्षकाने ६५ मिनिटांत ३० फटके झेलले आणि २ गोल खाल्ले. सेव्हची सरासरी २८ भागिले ३०, म्हणजे .९३३. उत्तम. गोल खाण्याची सरासरी ६० मिनिटांवर काढतात: २ गुणिले ६० भागिले ६५, म्हणजे १.८५. हीसुद्धा उत्तम.

आता शूटआऊटमध्ये चौघे आले आणि तिघांनी गोल केले. हे मिसळलं तर ३४ फटक्यांत ५ गोल. सेव्ह .८५३ वर आली, गोलांची सरासरी ४.६२ झाली. तासभर डोंगरासारखा उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत लीगमधला सगळ्यात वाईट गोलरक्षक ठरला. शिवाय शूटआऊटला घड्याळच नसतं, मग ते तीन गोल कोणत्या मिनिटांनी भागायचे? भागाकारच बसत नाही.

आणि हे दोन प्रकारचे फटके एका जातीचे नाहीत. सामन्यातले दहातले नऊ फटके गोलरक्षक अडवतात, कारण बहुतेक लांबून येतात, मध्ये बचावपटू असतो, मारणाऱ्याला धक्का बसलेला असतो. शूटआऊटमध्ये मधल्या रेषेवरून एकटा माणूस पक घेऊन येतो, मध्ये कुणी नाही. तिथे साधारण तीनातला एक गोल होतोच. ज्वारी आणि ज्वारीचं पीठ एका मापाने मोजल्यासारखं होईल ते.

गोली_नं_१ | सोमवार, रात्री ८:५५

मी कॉलेजपर्यंत आपल्या मैदानी हॉकीत गोलरक्षक होते, त्यामुळे थोडं वेगळं बोलते.

शूटआऊटच्या वेळी हेल्मेटच्या जाळीतून समोरची मुलगी चालत येताना दिसते. तिच्याकडे आठ सेकंद. तेवीस मीटरवरून. पहिले तीन सेकंद तुम्ही पुढे धावायचं की थांबायचं हे ठरवता, आणि तेच सगळं असतं. घाई केली तर ती बगल देते, थांबलात तर जाळी मोठी होते. माझा श्वास मलाच ऐकू यायचा. गोलरक्षकाचं कसब जेवढं तिथे उघडं पडतं तेवढं अख्ख्या सामन्यात पडत नाही.

म्हणून मला 'शूटआऊट धरूच नका' हे अर्धंच पटतं. खाल्लेल्या गोलांत मिसळू नका, बरोबर. पण पुसून टाकू नका. अडवलेल्यांची नोंद कुठेतरी राहू द्या. मी एकदा पाचपैकी चार अडवले होते. ते आज कुठल्याच कागदावर नाहीत, फक्त माझ्या आणि आईच्या लक्षात आहेत.

मुक्ता_टोरांटो | सोमवार, रात्री ९:३०

ताई, तुमच्या म्हणण्यासारखंच तिथे आहे. शूटआऊटचा वेगळा तक्ता असतो: किती प्रयत्न समोर आले, किती अडवले, किती सामने जिंकले. मारणाऱ्यांचाही असतो. फिनलंडचा युसी योकिनेन २००५-०६ मध्ये डॅलसकडून खेळताना शूटआऊटमध्ये १३ पैकी १० वेळा गोल करून गेला. पहिल्याच वर्षी लोक त्याला बघायला टीव्ही लावून बसायचे. पण त्या दहातला एकही गोल त्याच्या मोसमाच्या गोलसंख्येत नाही.

आणि हे का महत्त्वाचं ते अलीकडेच दिसलं. ६ एप्रिल २०२५ ला ओव्हेचकिनने एनएचएल कारकिर्दीतला ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीचा ८९४ चा विक्रम मोडला. ग्रेट्झकी १९९९ मध्ये निवृत्त झाला, त्याच्या काळात शूटआऊट नव्हतंच. शूटआऊटचे गोल धरले असते तर हा विक्रम आधीच मोडला असता आणि त्याला कुणी मान दिला नसता. दोघांचे गोल एकाच मापाचे राहिले म्हणून त्या दिवशी ग्रेट्झकी स्वतः तिथे उभा राहून टाळ्या वाजवू शकला.

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:५०

मुक्ताताई, हेच शटआऊटला लागू होतं आणि मला वाटतं होटगीरोडकरांच्या शंकेचं खरं उत्तर इथे आहे. शूटआऊट येण्याआधी ०-० सामना बरोबरीत सुटायचा आणि दोन्ही गोलरक्षकांना शटआऊट मिळायचा. टेरी सॉचुकचे १०३ शटआऊट त्या काळातले. मार्टिन ब्रोडरने डिसेंबर २००९ मध्ये त्याला मागे टाकलं आणि १२५ वर थांबला. ब्रोडरच्या कारकिर्दीची शेवटची वर्षं शूटआऊटच्या काळातली. तेव्हा जर '०-० नंतर शूटआऊट हरला तर शटआऊट नाही' असा नियम केला असता, तर सॉचुकला जे सामने मोजून मिळाले ते ब्रोडरला मिळाले नसते. एकाच खेळाची दोन मापं झाली असती. हरणाऱ्याला शटआऊट देणं ही मेहेरबानी नाही, जुनं माप न बिघडवणं आहे.

फरक लक्षात घ्या: जादा वेळेतला गोल मात्र शटआऊट मोडतो. साठ मिनिटं ०-० आणि एकसष्टाव्या मिनिटाला गोल खाल्ला तर गेला शटआऊट, कारण तो खेळातला गोल आहे, पाससकट आणि पाठलागासकट. सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टी शॉटचंही तसंच. दिसायला तो हुबेहूब शूटआऊटसारखा, एकटा माणूस आणि गोलरक्षक, पण त्यातला गोल सगळ्या नोंदींत धरतात. आणखी एक, शटआऊट नावावर हवा तर पूर्ण सामना एकट्याने खेळायला लागतो. मध्येच गोलरक्षक बदलला आणि दोघांनी मिळून शून्य राखलं तर तो संघाचा शटआऊट होतो, दोघांपैकी कुणाचाच नाही.

होटगीरोडकर | सोमवार, रात्री १०:१०

हां, बरोबरीचं उदाहरण पटलं. जुन्या काळी ०-० ला दोघांना मिळत होतं, म्हणजे आत्ताही मिळायला पाहिजे. मग जिंकण्याचं काय? गोलरक्षकाच्या नावावर 'विजय' लिहितात ना? शूटआऊट जिंकला तर तो विजय धरतात का?

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:३५

धरतात, आणि माझ्या मते तिथे हिशेब ढिला आहे. गोल वेगळे ठेवले, विजय मात्र एकाच डब्यात टाकले.

बर्नी पॅरंटने १९७३-७४ मध्ये एका मोसमात ४७ विजय मिळवले. तेव्हा साखळी सामन्यांत जादा वेळसुद्धा नव्हता, बरोबरी म्हणजे बरोबरी. ब्रोडरने २००६-०७ मध्ये ४८ करून तो विक्रम मोडला, त्यात शूटआऊटमधले विजय धरलेले आहेत. ब्रोडर महान होता, त्यावर वाद नाही. पण पॅरंटला बरोबरी फोडायची संधीच नव्हती. हे दोन आकडे शेजारी ठेवताना मला दर वेळी खटकतं.

लीगलाही हे कळलं असावं, कारण गुणतक्त्यात त्यांनी नंतर सुधारणा केली. शूटआऊट जिंकलं तरी दोन गुण, हरणाऱ्याला एक. पण दोन संघांचे गुण समान झाले तर २०१०-११ पासून शूटआऊटचे विजय वगळून मोजायला लागले आणि २०१९-२० पासून साठ मिनिटांतले विजय आधी बघतात. म्हणजे संघाच्या बाबतीत 'हा विजय थोडा हलका' हे मान्य केलं. गोलरक्षकाच्या विजयांच्या रकान्यात मात्र अजून सगळे एकत्र.

यंत्रमाग_अण्णा | सोमवार, रात्री ११:००

मला आता त्या बेवारस गोलाचं कळलं. आमच्याकडे पण असं होतं. मोठ्या ऑर्डरीला एक नग कमी पडला तर तो शिलकीतून देतात. लॉट पूर्ण होतो, गिऱ्हाईक जातो, पण तो नग कुठल्या कामगाराच्या वहीत चढत नाही, कारण त्या पाळीत तो कुणी विणलेला नसतो. कामगारांचीही तक्रार नसते. पण शिलकीतला नग कमी झाला म्हणून एखाद्याच्या मजुरीतून कापला तर कारखान्यात दंगा होईल. त्या पोरीच्या मजुरीतून कापलंय बघा.

स्कोअरबुक | मंगळवार, सकाळी ६:५०

अण्णा, काल रात्री तुमचं वाचलं आणि बराच वेळ खुर्चीतच बसून राहिलो. मला दोन दिवस जे सांगता येत नव्हतं ते हेच.

आज पहाटेचा सामनाही शूटआऊटवर गेला. हरलेला गोलरक्षक हेल्मेट वर करून पाणी प्यायला आणि सरळ आत निघून गेला. त्याच्या नोंदीत दोन गोलच लिहिले गेले.

गोली_नं_१ ताई, तुमचं म्हणणंही मनाला लागलं. मी फक्त 'खाल्लेले गोल' या रकान्याचा विचार करत होतो, अडवलेल्यांचा केलाच नव्हता. माझ्या वहीत त्या मुलीने शूटआऊटमध्ये अडवलेले दोन लिहिलेले नाहीत. तिथे नुसतं '३-२' आहे. ती चूक माझी आणि ती मी दुरुस्त करतो.

मी नवा स्कोअरकागद आखलाय. डाव्या बाजूला खेळ: वेळ, गोल, पेनल्टी कॉर्नर, गोलरक्षकाचे सेव्ह. मध्ये जाड रेघ. उजव्या बाजूला शूटआऊट: प्रत्येक प्रयत्नाला एक चौकट, त्यात गोल की सेव्ह की बाहेर, आणि आठ सेकंद संपले तर तेही. डावीकडची बेरीज रेघ ओलांडून उजवीकडे जाणार नाही. तळाशी निकाल १-१ (४-२) असा, आपल्या हॉकीत लिहितात तसा. आईस हॉकीसारखा एक गोल चढवलेला नको, कारण त्याच एका गोलाने संयोजकांचा घोळ होतो.

होटगीरोडकर | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, माझ्या ऑफिसात झेरॉक्स मशिन आहे. जाड कागदावर पन्नास काढून देतो. पण गोलरक्षक बदलला तर त्याला जागा ठेवलीये का? आकडेमोडांनी लिहिलंय ना, दोघांनी मिळून शून्य राखलं तर कुणाच्याच नावावर नाही.

स्कोअरबुक | मंगळवार, सकाळी ८:२०

नव्हती ठेवली. आता गोलरक्षकाच्या दोन ओळी करतो, प्रत्येकीत 'आत आली' आणि 'बाहेर गेली' ही वेळ.

गोली_नं_१ | मंगळवार, दुपारी २:४०

काका, त्या मुलीच्या उपांत्य सामन्याच्या पानाची एक प्रत तिला मिळेल का? ढाल मिळाली नाही ते राहू दे. पण तारीख, समोरचा संघ आणि तिच्या नावापुढे शून्य असलेला कागद तिच्याकडे असू दे.

स्कोअरबुक | मंगळवार, रात्री ९:१५

दिली. संध्याकाळी सरावाला आली होती तेव्हा. नव्या कागदावर उतरवून दिली, उजव्या बाजूला तिचे दोन सेव्हही लिहून. तिने आधी शून्य बघितलं, मग उजवीकडची चौथी चौकट बोटाने दाखवून म्हणाली, "सर, हा मी अडवला नव्हता, तिने बाहेर मारला होता."

खोडून 'बाहेर' लिहिलं. आता तिच्या नावावर अडवलेला एकच.